जुळलेली नडगी जुळलेली ठेवायची

बाळाची एकच नडगी वाकलेली दिसली, की तो बाक कुठल्या बाजूला आहे हे आधी पाहावं. बाळाला मांडीवर उताणं घ्यायचं, गुडघ्याची वाटी वर येईल असा पाय धरायचा आणि नडगीच्या धारेवरून बोट गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळू फिरवायचं. मग दुसरा पाय तसाच पाहायचा. बाकाचं टोक मागे पोटरीकडे आणि आतल्या बाजूला असेल, तर पाय दिसायला कितीही भयंकर असला, पाऊल जन्मतःच वर नडगीला टेकलेलं असलं, तरी पहिल्या काही वर्षांत हाड बरंचसं सरळ होतं. पुढे दोन पायांच्या लांबीतला फरक तेवढा सांभाळावा लागतो. टोक पुढे आणि आत असेल, तर शेजारचं बारीक हाड अपुरं तयार झालेलं असू शकतं. अशा पायाला बाहेरची एखाददोन बोटंही पुष्कळदा कमी असतात. पण टोक पुढे आणि बाहेर, करंगळीच्या बाजूला असेल, तर त्या पायावर मालीशवालीचा हात पडण्याआधी तो हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला हवा. या लेखात बोलायचं आहे ते याच पायाबद्दल.

दोन्ही नडग्या सारख्याच बाहेर वाकलेल्या असतील, तर ती गोष्ट वेगळी. दोन वर्षांपर्यंत बहुतेक लेकरांचे पाय थोडे तसे असतातच. फार असतील तर मुडदूस आहे का ते तपासतात, आणि त्यावर औषध आहे.

एकाच पायाच्या, पुढे-बाहेर वाकलेल्या नडगीच्या या विकाराला डॉक्टर ‘कंजेनायटल स्यूडार्थ्रोसिस ऑफ टिबिया’ म्हणतात. फाइलवर ‘सीपीटी’ एवढंच लिहिलेलं असतं. नडगीचं हाड मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागाच्या सीमेवर बारीक पडतं, वाकतं, पुष्कळदा पहिल्या दोन-तीन वर्षांत मोडतं आणि मोडलं की आपणहून जुळत नाही. जिथे सांधा नाही तिथे पाय हलू लागतो. हा झाला खोटा सांधा. दीड ते अडीच लाख जन्मांमागे एखाद्याच बाळाला हा विकार असतो. तेलंगणातल्या आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेप्रमाणे सात लाखांच्या आसपास. म्हणजे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांच्या समोरही असं बाळ कदाचित कधीच आलेलं नसेल. ते पटकन ओळखलं गेलं नाही यात कुणाचा दोष नाही. पण बेला, जैनथ किंवा उटनूरकडच्या एखाद्या घरात ते जन्मलं, तर त्या घराला पुढची पंधरा-सोळा वर्षं काय करायचं आहे हे कुणीतरी नीट, सावकाश सांगायला हवं.

हाड जुळत का नाही, हे कळलं की पुढच्या सगळ्या उपचाराचा अर्थ लागतो. प्रत्येक हाडाभोवती एक पातळ, जिवंत अस्तर असतं. लेकराचं हाड मोडतं तेव्हा नवीन हाड घालणाऱ्या पेशी मुख्यतः या अस्तरातून येतात, म्हणून लहान मुलाचा साधा मोडलेला हात काही आठवड्यांत भरून येतो. सीपीटीमध्ये नेमकं हे अस्तरच रोगट असतं. ते जाड, तंतुमय झालेलं असतं, त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन रक्त कमी पोचतं, आणि ते हाडाला आवळून बसतं. हाड घालणाऱ्या पेशी तिथे दुबळ्या, तर हाड खाणाऱ्या पेशी अंमळ जास्तच कामसू. त्यामुळे नुसतं प्लास्टर घातलं तर हाड जुळत नाही, आणि नवं हाड आणून भरलं तर तेही विरघळून जातं. गेल्या शतकात कितीतरी शस्त्रक्रिया याच कारणाने फसल्या. सर्जनचा हात चांगला होता, सळी नीट बसली होती, पण रोगट अस्तर जागच्या जागी राहिलं होतं.

या विकाराच्या साधारण निम्म्या मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप-१ नावाचा आनुवंशिक आजार असतो. त्याचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, ते १९९०मध्ये सापडलं. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. या मुलांची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते, आणि काही मुलांच्या खोट्या सांध्यातल्या पेशी तपासल्या तेव्हा दुसरीही प्रत तिथे निकामी झालेली आढळली. घरच्यांना दिसणारी खूण मात्र साधी आहे. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सपाट लासे. एखादा लासा कुणालाही असतो. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा त्याहून जास्त असतील, तर डॉक्टरांना ते मोजून दाखवावेत. हा आजार सुमारे तीन हजारांत एकाला असतो आणि त्यातल्या थोड्याच मुलांची नडगी अशी वाकते. पण ज्यांची वाकते, त्यांचे डोळे, पाठीचा कणा आणि रक्तदाबही दरवर्षी तपासावे लागतात. आई-वडिलांपैकी कुणालाच हा आजार नसताना, निम्म्या मुलांत तो नव्यानेच उद्भवतो. गरोदरपणी ग्रहण पाहिलं, विळी हाताळली, पोपई खाल्ली याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण अशा घरात पहिला आरोप आईवर येतो आणि तो वर्षानुवर्षं तिच्यावर राहतो.

हाड वाकलेलं आहे पण अजून मोडलेलं नाही, हा काळ सगळ्यात मोलाचा. आणि याच काळात पायाचं सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. बाक दिसतो म्हणून कुणी रोज दाबून दाबून मालीश करतं. कुणी बांबूच्या कामट्या बांधतं. तेलंगणात गावोगाव ‘पुत्तूर कट्टू’च्या पाट्या दिसतात, आंध्रातल्या पुत्तूरच्या हाडवैद्यांची ही जुनी परंपरा आहे, आणि साध्या मोडलेल्या हाडाला आधार देऊन तिने पुष्कळांना बरं केलं असेल. पण तिथे हाड जुळवणारं असतं ते निरोगी अस्तर. सीपीटीत तेच नाही, म्हणून कितीही घट्ट बांधलं तरी जुळणार नाही, आणि फार घट्ट बांधलं तर पावलाचा रक्तपुरवठा जाण्याचा धोका. तिसरी चूक शिकलेल्या माणसांकडून होते. वाकलेलं हाड मधोमध कापून सरळ करायची शस्त्रक्रिया. साध्या वाकड्या पायाला ती चालते. इथे तो काप जुळतच नाही आणि न मोडलेलं हाड सर्जनच्या हातून मोडलं जातं. ‘बाक सरळ करून देतो’ असं कुणी सहज म्हणालं, तर दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

मग करायचं काय, तर सांभाळायचं. लेकरू धरून उभं राहू लागलं की पुढून एक आणि मागून एक अशी दोन प्लास्टिकची कवचं पट्ट्यांनी आवळून बसणारा ब्रेस पायाला घालतात. लहान मुलांत तो पुष्कळदा गुडघ्याच्या वरपर्यंत असतो. दिवसभर, खेळताना, चालताना तो घालायचाच. आदिलाबादच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, करणं नाही. आत सुती मोजा घालायचा, घामेजला की बदलायचा, आणि रोज आंघोळीच्या वेळी टाच, घोट्याची हाडं, नडगीची धार लाल झाली आहे का ते पाहायचं. अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर ब्रेस कुठेतरी दाबतो आहे. तो घासून घ्यावा लागतो. मूल वाढतं तसा ब्रेस लहान पडतो आणि नवा करावा लागतो. काही मुलांचं हाड या एवढ्या राखणीवर वर्षानुवर्षं मोडत नाही. काहींचं मोडतंच.

मोडलं हे कळणंही कधी कधी अवघड जातं. निरोगी हाड मोडलं की लेकरू किंचाळतं. हे हाड हळूहळू झिजून मोडतं, म्हणून मूल थोडं कुरकुरतं, एक-दोन दिवस पाय टाकत नाही आणि मग पुन्हा लंगडत फिरू लागतं. आई अंगडं घालताना तिला नडगी मध्येच लवल्यासारखी वाटते. एक्स-रेमध्ये तुटलेली दोन टोकं पेन्सिलीगत निमुळती झालेली दिसतात.

इथून पुढे शस्त्रक्रिया. ती कधी करावी यावर अस्थिशल्यविशारदांत मोठा वाद झालेला आहे. युरोपातल्या बाल-अस्थिरोग संघटनेने ३४० रुग्णांचा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध केला. फार लहान वयात शस्त्रक्रिया टाळावी, तीन वर्षं तरी पूर्ण होऊ द्यावीत, असा त्यातला सूर होता. आपल्याकडे मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी रोगट भाग काढणं, हाडाच्या पट्ट्या लावणं आणि आत सळी घालणं या पद्धतीने मुलांवर उपचार केले, आणि तीन वर्षांखालच्या मुलांतही लवकर केलेली शस्त्रक्रिया हाड जुळवते असं २००३मध्ये दाखवलं. माझं मत विचाराल तर वयाच्या आकड्यापेक्षा त्या हाताला या विकाराचा अनुभव आहे का, हा प्रश्न मोठा आहे. वाट पाहत राहिलं की पाय आखूड आणि बारीक होत जातो, हेही खरंच.

जुन्या पद्धती थोडक्यात सांगून पुढे जाऊ. एक, हाडाच्या पोकळीत सळी आणि भोवती कमरेचं हाड. दोन, दुसऱ्या पायाचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली इथे जोडणं. यात चांगला पायही पणाला लागतो. तीन, इलिझारोव्हच्या रिंगा, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवून तारांनी हाडाला धरणारं यंत्र. गावरील इलिझारोव्ह यांनी १९५१च्या सुमारास सायबेरियातल्या कुर्गानमध्ये हे यंत्र घडवलं. त्याआधी ते त्याच भागातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात डॉक्टर होते. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना ते नीट कळलं १९८१मध्ये, इटलीतल्या एका परिषदेत. मराठी मुलखात हे तंत्र रुजलं त्यात अकोल्याचं नाव ठळक आहे. डॉ. मिलिंद चौधरी यांनी तिथे इलिझारोव्ह पद्धतीचं केंद्र उभं केलं आणि ते शिकायला ठिकठिकाणचे सर्जन अकोल्याला येऊ लागले. युरोपच्या त्या अभ्यासात सगळ्या पद्धतींमध्ये रिंगांनी हाड जुळण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, सुमारे ७५ टक्के होतं. ऐकायला ते बरं वाटतं. पण जुळलेलं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाणही मोठं होतं, आणि घरच्यांना खचवतं ते हेच. दोन वर्षं झगडून जुळलेला पाय अंगणात घसरून मोडला, की पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या वीसेक वर्षांत बदल झाला तो इथेच. अमेरिकेतले ड्रोर पेली आणि कोरियातले इन हो चोई यांनी एक वेगळा विचार पुढे आणला. गुडघ्याखाली पायात दोन हाडं असतात, जाड टिबिया म्हणजेच नडगी आणि तिच्या शेजारची बारीक फिब्युला. या विकारात बहुतेक वेळा दोन्ही रोगट असतात. मग दोन बारीक हाडं वेगवेगळी जुळवण्याऐवजी, त्या पातळीवर दोन्ही मिळून एकच रुंद हाड का तयार करू नये? रुंद हाड मोडायला कठीण. या पद्धतीने केलेल्या मुलांत जवळजवळ सगळ्यांचं हाड जुळल्याचं आणि पुन्हा मोडणं खूप कमी झाल्याचं नोंदलं गेलं आहे. भारतातही बाल-अस्थिरोगाच्या मोठ्या केंद्रांत ही पद्धत वापरली जाते.

ही शस्त्रक्रिया टेबलावर कशी होते, ते जरा जवळून पाहू.

तयारी काही दिवस आधी सुरू होते. लेकराच्या रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासतात, कमी असेल तर भरून काढतात. मग सलाइनमधून झोलेड्रोनिक अॅसिडचा एक डोस देतात. हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना बरेच महिने थोपवून धरतं, म्हणजे नवं भरलेलं हाड विरघळत नाही. पहिल्या डोसानंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग दुखतं. आईला हे आधी सांगितलेलं असलं म्हणजे ती घाबरत नाही. कॅल्शियम एकदम उतरू नये म्हणून त्याच्या गोळ्या किंवा पातळ औषध चालू ठेवतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पूर्ण भूल दिल्यावर मांडीला हवेचा पट्टा आवळून रक्त थांबवतात. नडगीवर पुढून लांब छेद घेतात. आत पांढुरकं, जाड, चिवट अस्तर दिसतं. निरोगी अस्तर कागदासारखं सुटतं, हे खरवडून, कापून काढावं लागतं, आणि तेही हाडाभोवती पूर्ण गोल, वर-खाली निरोगी अस्तर लागेपर्यंत. यात घाई चालत नाही. मागच्या बाजूला पावलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि तळव्याची नस अगदी खेटून असतात. त्या आधी शोधून, बाजूला धरून मगच अस्तर कापायचं. दोन हाडांमधला तंतुमय भागही काढून टाकतात. साऱ्या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त कसब लागतं ते इथे. बाकी पायऱ्या पुस्तकात वाचून कळतात, पण अस्तर किती काढलं म्हणजे पुरे, हे डोळा आणि हात सांगतो.

मग हाडाची बंद झालेली टोकं ड्रिलने उघडतात, पोकळी मोकळी करतात आणि पाय सरळ करतात. पोकळीत सळी घालतात. पूर्वीची सळी टाचेतून, घोट्यातून वर जायची आणि घोटा ताठ राहायचा. आता माँट्रियलच्या फॅसिए आणि दुवाल यांची एकात एक सरकणारी सळी वापरतात. जुन्या रेडिओच्या एरियलसारखी ती लांब होते. तिचं एक टोक नडगीच्या वरच्या वाढत्या भागात, दुसरं खालच्या भागात रुतवलेलं असतं. मूल उंच होतं तशी आतली भरीव सळी बाहेरच्या नळीतून सरकत जाते आणि हाड सगळ्या लांबीत आधारावर राहतं. तिची सर्वांत बारीक जाडी ३.२ मिलिमीटर असते. पोकळी त्याहून चिंचोळी असेल, तर साधी तार घालून मोठी सळी पुढच्या वेळेसाठी ठेवतात. फिब्युलातही एक तार जाते.

आता भरण. कमरेच्या हाडाच्या दोन पापुद्र्यांमधलं जाळीदार हाड खरवडून घेतात, आणि त्याच हाडाच्या आतल्या बाजूचं निरोगी अस्तरही सोलून घेतात. अस्तर काढलं की ते आक्रसतं, म्हणून त्याला बारीक चिरा देऊन पसरवतात आणि नडगीभोवती गुंडाळतात, हाड घालणारी बाजू आत करून. रोगट अस्तराच्या जागी निरोगी अस्तर. कल्पना नवी नाही; इटलीतल्या कोदिविला यांनी १९०६मध्येच या विकारात निरोगी अस्तर लावून पाहिलं होतं. ते मागे पडलं आणि शंभर वर्षांनी परत आलं. जाळीदार हाड टिबिया आणि फिब्युला यांच्या मधल्या जागेत गच्च भरतात. बाहेरून रिंगा किंवा आतून पट्टी लावून पाय पिळणार नाही अशी सोय करतात, कारण सळी वाकणं रोखते, पण गोल फिरणं रोखत नाही. जखम शिवतात, आणि रिंगा नसतील तर वरून प्लास्टर.

रिंगा लावल्या असतील तर पुढचे तीन-चार महिने घरच्यांच्या हातात असतात, आणि मला वाटतं या काळाबद्दल दवाखान्यात फार कमी बोललं जातं. पायातून आरपार गेलेल्या तारा पाहून पहिल्या दिवशी आजीला रडू येतं. लेकराला मात्र आठवड्याभरात त्यांचं फारसं काही वाटत नाही. तार कातडीतून आत जाते ती प्रत्येक जागा रोज किंवा डॉक्टर सांगतील तशी पुसायची. दर जागेला नवा निर्जंतुक बोळा, एकच बोळा सगळीकडे फिरवायचा नाही. थोडं पाणी येणं चालतं. लाली पसरली, पू आला, दुखणं एकाएकी वाढलं किंवा तार ढिली वाटली, तर फोन करायचा. पुष्कळदा आठवड्याच्या गोळ्यांनी भागतं, पण महिनाभर थांबलं तर तार काढावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापसाची भर असते, त्या खोलीत हे लेकरू नको. रिंगांवर सैल सुती पिशवी शिवून घालता येते. घोट्याचा व्यायाम रोज. पाऊल वर ओढून धरायचं, नाही तर टाच उचललेली राहते आणि मग तिच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर रिंगांसकट पायावर भार देऊन चालायचं असतं. घाबरून मुलाला बाजेवर बसवून ठेवलं तर हाड उलट कमजोर राहतं. शाळाही बंद ठेवायचं कारण नाही. हे मास्तरांना आणि वर्गातल्या मुलांना आधी जाऊन सांगितलं, तर धक्काबुक्की टळते.

एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं की रिंगा निघतात, प्लास्टर येतं, मग ब्रेस. आणि इथे बहुतेक घरांची चूक होते. जुळलं, म्हणजे झालं, असं वाटतं. तपासण्या लांबतात, ब्रेस खुंटीला लागतो. पण त्या पायातला मूळ दोष गेलेला नाही. रोगट अस्तर काढलं तेवढ्या भागात तो आटोक्यात आहे. मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत, मुलींत साधारण चौदा-पंधरा आणि मुलांत सोळा वर्षांपर्यंत, आत सळी आणि बाहेर ब्रेस हे दोन्ही राहायला हवेत. दर सहा महिन्यांनी एक्स-रे. सळी सरकायची थांबली, वाकली किंवा आखूड पडली तर ती बदलतात. ही ठरलेली शस्त्रक्रिया आहे, अपयश नाही.

सोबत दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. पहिली लांबी. तो पाय काही सेंटिमीटर आखूड राहू शकतो. दोनेक सेंटिमीटरपर्यंत बुटाचा तळ उंच करून भागतं, आणि ते काम गावातला चांगला चांभारही माप दिलं तर करतो. त्याहून जास्त असेल तर नडगीच्या वरच्या, निरोगी भागात हाड कापून रिंगांनी हळूहळू ताणतात. दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर नट फिरवून. त्या फटीत नवं हाड तयार होत जातं. किंवा मूल वाढतं आहे तोवर चांगल्या पायाची वाढ ठरावीक वेळी थोपवतात. दुसरी गोष्ट घोटा. फिब्युला आखूड राहिली तर घोटा बाहेर कलतो आणि मूल पावलाच्या आतल्या कडेवर चालू लागतं. घोट्याच्या आतल्या बाजूला एक स्क्रू घालून वाढ सावरता येते, पण वेळेत दिसलं तर.

पाय काढण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते शब्द दवाखान्यात कधी ना कधी कानावर येतात आणि घर हादरतं. पाच-सात शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळलेलं नाही, पाय खूप आखूड, घोटा ताठ, मूल वर्षाचे सहा महिने दवाखान्यात; अशा मुलासाठी घोट्याच्या पातळीवर पाय काढून कृत्रिम पाय बसवणं हा प्रामाणिक उपचार आहे. काप रोगट जागेतून न घेता घोट्यापाशी घेतात, म्हणजे टाचेची जाड कातडी बुंध्यावर राहते आणि तिच्यावर भार देता येतो. अशी मुलं पळतात, सायकल चालवतात. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, चिखलात उतरणं हे डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे. काळ्या मातीत राबणाऱ्या घराला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय वरचेवर बदलावा लागतो. पण नव्या पद्धतींमुळे हा निर्णय पूर्वीइतका लवकर घ्यावा लागत नाही. एकही नीट शस्त्रक्रिया न होता कुणी पाय काढायला सांगितला, तर आणखी एका ठिकाणी दाखवल्याशिवाय कागदावर सही करू नये.

आदिलाबादहून जायचं कुठे? पहिली पायरी गावात आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई बाळाची नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात करू शकतात. २०१३मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष तपासून पुढे पाठवतात. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर आहेत. निदान तिथे होऊ शकतं, मोडल्यावर पहिला आधारही मिळतो. पण ही शस्त्रक्रिया लहान मुलांच्या हाडांचं वेगळं शिक्षण घेतलेल्या सर्जननेच करावी. राष्ट्रीय महामार्ग ४४ने उत्तरेला नागपूर सुमारे २०० किलोमीटर, दक्षिणेला हैदराबाद सुमारे ३००. पैनगंगेकाठच्या मराठी घरांचे नातेवाईक यवतमाळ-वर्ध्याकडे असतात, त्यामुळे त्यांचा ओढा तिकडे. तिथे बोलायला भाषाही सोपी पडते, आणि महिनोन्महिने चालणाऱ्या उपचारात राहायला नात्याचं घर असणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र तेलंगणाचं आरोग्यश्री कार्ड नदीपलीकडच्या कुठल्या दवाखान्यात चालतं, कुठल्यात नाही, आयुष्मान भारत योजनेखाली या शस्त्रक्रियेतलं काय बसतं, सळीचे पैसे वेगळे लागतात का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून, शक्य तर लिहून घ्यावं.

सर्जनना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, आणि ते विचारायला संकोच करू नये. हे नडगीचं नेमकं असं दुखणं तुम्ही आधी किती मुलांत केलंत? रोगट अस्तर पूर्ण काढणार का? दोन्ही हाडं एकत्र जुळवणार की एकच? आत राहणारी सळी वाढीबरोबर सरकणारी आहे का, आणि ती घोट्यातून जाते का? जुळलं नाही तर पुढची पायरी कुठली? चांगला सर्जन यांची उत्तरं रागावून देत नाही.

पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि सळीचं माप लिहिलेली चिकटपट्टी एका पिशवीत जपून ठेवावी. फिल्मचे फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवावेत. दहा वर्षांनी सळी बदलणारा सर्जन दुसराच असेल, आणि त्याला आत कुठली सळी आहे, किती मिलिमीटरची आहे, हे त्याच पट्टीवरून कळेल. वाढ पूर्ण झाल्यावरही ती सळी सहसा काढत नाहीत.